कळवतो

एकदा एका मोठ्या कंपनीच्या भरती खात्याचा प्रमुख सकाळीच आपल्या जुन्या गुरुजींकडे आला. खिशात राजीनाम्याचे पत्र होते. वीस वर्षे संमेलनांत, समारंभांत हिंडून त्याने ओळखी जोडल्या होत्या. फोनमध्ये पाच हजार नावे होती, आणि आता तोच फोन वाजला की तो पालथा घालून ठेवी.

"गुरुजी, माणसांचा वीट आलाय. नोकरी सोडू का? तुम्ही म्हणाल तसं करीन."

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. "कळवतो," म्हणाले आणि आत निघून गेले.

शिष्य पडवीत बसून राहिला. तास गेला, दोन गेले. मध्ये गुरुजी वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आले, पण त्यांनी याच्याकडे पाहिलेही नाही. उठावे तर तेवढ्यात बोलावतील, बसावे तर किती वेळ? एवढ्या मोठ्या साहेबाचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

कोपऱ्यात गुरुजींची खुर्ची वेताने विणत बसलेला पन्नाशीचा माणूस हळूच म्हणाला, "साहेब, हो की नाही ते कळलं म्हणजे माणूस सुटतो बघा. गेल्या दिवाळीआधी स्टोअरकीपरच्या जागेसाठी तुम्हीच माझी मुलाखत घेतली होती. 'कळवतो' म्हणालात. त्या भरवशावर मी हातातलं काम सोडलं."

शिष्याला चेहरा आठवेना. त्याने चाचरत नाव विचारले. भरत घोलप. फोनमध्ये शोधले, तर नाव होते, नंबरही होता. त्याला इतकी शरम वाटली, की मान वर होईना.

गुरुजी दारात येऊन उभे होते. "तू माणसांना विटलेला नाहीस रे. 'नाही' म्हणून वाईटपणा घ्यायला नको, म्हणून एकेकाला दारात बसवून ठेवलंस. एवढी माणसं दारात ताटकळत असताना घरच्याला झोप कशी लागेल?"

"मग हे पत्र?"

"ते तुझं तू ठरव. आधी दारातली माणसं मोकळी कर."

शिष्य घोलपांसमोर जमिनीवर बसला. "तुमची निवड झाली नव्हती. मला त्याच आठवड्यात ठाऊक होतं. कळवलं नाही. चुकलं माझं."

घोलपांचा हात थांबला. "नव्हती होय," ते म्हणाले. "घरी अजून विचारतात. आज सांगतो."

शिष्याने खालच्या मानेनेच फोनमधले पुढचे नाव काढले.