एका नारळाची कढई

एका गावात एक हलवाई होता. काय त्याची जिलबी! वास सुटला की शाळेतली पोरं फळ्याकडे पाठ करून बसायची. आजोबांच्या वेळची भलीमोठी पितळी कढई, तिच्यावर हलवायाचा फार जीव.

एका वर्षी त्याने जत्रेसाठी गाडाभर पेढे केले. दूध गवळणमावशीकडून उधार, साखर वाण्याकडून उधार, सरपण मोळीवाल्याकडून उधार. आणि ऐन जत्रेत नदीवरचा पूलच कोसळला! माणसं पलीकडे, पेढे अलीकडे. पेढ्यांना बुरशी लागली आणि हलवाई पार बुडाला.

त्या गावाची एक रीत होती बरं का. जो बुडाला, त्याने भरदुपारी दुकानाच्या दारात समई लावून बसायचं. मग गाव जमायचं, असेल नसेल ते विकून सगळ्यांना वाटून द्यायचं. पण धंद्याचं एक हत्यार त्याच्यापाशीच ठेवायचं, आणि राहिलेलं देणं पुन्हा कुणी मागायचं नाही.

"लावा की समई," बायको म्हणाली. "कढई तरी राहील."

"भरदुपारी दिवा लावून बसू? अगं, लोकांना तोंड कसं दाखवू?" हलवाई भडकला. तो उठला तो थेट मेहुण्याकडे गेला आणि दुकान, पराती, कढई, सगळं त्याला विकून मोकळा झाला. किंमत किती? एक नारळ! लोक विसरले की सगळं गुपचूप परत घ्यायचं, असं दोघांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उधारी मागायला सगळे चावडीवर जमले, तेव्हा हलवायाने खिसे उलटे करून दाखवले. "माझ्यापाशी काही नाही हो! सगळं मेहुण्याचं आहे."

"काय दिलंस रे?" पाटलांनी मेहुण्याला विचारलं.

"एक नारळ. रोख!"

हलवाई मनातून खूश झाला. तेवढ्यात गवळणमावशी ताडकन उठली. "पाटील, मी दोन देते!"

हलवायाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण पाटलांनी मान डोलावली. "बरोबर आहे. बुडालेल्याची वस्तू विकायची, तर ज्यांचं देणं आहे त्यांना आधी विचारायला हवं. कालची विक्री रद्द! बोला, दोन नारळ एक वार!"

मग काय विचारता! वाणी ओरडला, "पाच!" मोळीवाला धोतर सावरत देवळापुढच्या दुकानाकडे धावला आणि नारळांचं पोतंच घेऊन आला. पोरं टाळ्या पिटायला लागली. मेहुणा नुसता खिसे चाचपत राहिला. इकडे हलवाई पुढे पुढे सरकू लागला. आजोबांची कढई नारळांवर चालली की हो!

"पंचवीस नारळ दोन वार..."

"थांबा! अहो थांबा!" हलवाई किंचाळला. "नारळांत काय विकता? नुसत्या कढईचे तीनशे रुपये येतील! दुकानाचे तर हजार!"

पाटलांनी हळूच विचारलं, "मग मेहुण्याला एका नारळात कशी रे दिलीस?"

हलवायाची मान खाली गेली. तो उठून घरी आला. बायकोने समई घासूनपुसून, तेल घालून ठेवलीच होती. टळटळीत उन्हात ती त्याने दारात लावली आणि त्याला रडू कोसळलं. गाव जमलं, पण ज्या हसण्याला तो घाबरला होता, तसं कुणी हसलंच नाही.

सगळं खऱ्या भावाने विकलं गेलं आणि ज्याचं त्याला मिळालं.

"आणि माझी कढई?" त्याने भीतभीत विचारलं.

"आपणहून समई लावतो त्याचं हत्यार राखतो आपण," पाटील म्हणाले. "तू तर ते लपवायला निघालास."

कढई उधारीपोटी गवळणमावशीच्या वाट्याला आली. ती म्हणाली, "मला मेलीला जिलबी कुठे येते? उद्यापासून ये बाबा. कढई माझी, हात तुझा. मजुरी देईन."

दुसऱ्या दिवशी गावात पुन्हा वास दरवळला, पोरांनी पुन्हा फळ्याकडे पाठ केली. हलवाई आजोबांच्याच कढईपुढे बसला होता, पण मजूर म्हणून.

तात्पर्य: बुडालो हे जो उघड सांगतो, त्याच्यासाठी लोक थोडं तरी राखतात, जो सगळंच लपवायला जातो, त्याचं तेवढंही जातं.