मांडलई पाखाडीच्या विहिरीचा पहिला पेला

या, पुढे या. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो; त्या देवळामागची ही आमच्या मांडलई पाखाडीची, म्हणजे या वस्तीची विहीर. आता पाणी नितळ आहे. इंग्रजांच्या राणीच्या राज्यात मात्र ते पिवळं होतं आणि त्यावर साय धरायची. कसली साय, ते जेवून आला असाल तर विचारू नका.

विहिरीला लागून जुझे पाटलाची चाळ होती. साठ बिऱ्हाडं, चार संडास आणि खाली एकच खड्डा. तो खड्डा विहिरीत झिरपायचा, असं सांगतात. पाणी उकळलं की घरभर घाण सुटायची. पाटील विहिरीचा विश्वस्त, पण स्वतःपुरतं पाणी लांबच्या तळ्यावरून आणवायचा.

देवळातली मयतांची वही बस्त्याव लिहायचा. माणूस जुलाबांनी सुकून मेला, तरी पाटील मरणाचं कारण 'ताप' लिहायला सांगे. तापाचा जाब कुणाला विचारणार? बस्त्याव मान खाली घालून लिहायचा. एका वर्षात एकोणचाळीस वेळा लिहिलं म्हणे.

चाळिसावी त्याचीच लेक, सहा वर्षांची इनास. तिचे कपडे धुताना जो वास आला, तोच घरातल्या माठाला येत होता. बस्त्यावला आपल्या लिहित्या बोटांची किळस आली. त्याने वही उघडून सगळे 'ताप' खोडले आणि प्रत्येक नावापुढे लिहिलं, 'पाटलाचा संडास'. इनासच्या नावापुढेही तेच.

रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपल्यावर त्याने ती चाळीस नावं कारणासकट मोठ्याने वाचली.

पाटील ओरडला, "बस्त्याव, खोड ते! पाणी चांगलं आहे."

बस्त्यावची बायको कार्मेल उठली. विहिरीचं पाणी पेल्यात भरून आणलं आणि पाटलापुढे धरलं. "पाटील, एवढं प्या. मी त्यांना खोडायला लावते."

सगळं देऊळ बघत होतं. पाटलाने पेला तोंडाशी नेला. आत पांढरी अळी वळवळत होती. पाणी ओठाला लागलं मात्र, तो तिथेच पायरीवर भडाभडा ओकला.

त्याला कुणी हात दिला नाही. लोक पहारी घेऊन गेले, संडास पाडले, खड्डा बुजवला, विहीर उपसली. तळाचा गाळ काढायला अकरा दिवस लागले. पाटलाने शेवटपर्यंत माफी मागितली नाही, हेही सांगतात.

आजही दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती चाळीस नावं इथे वाचतात आणि विहिरीच्या विश्वस्ताने पहिला पेला सर्वांसमोर प्यायचा असतो. एका साली एक विश्वस्त म्हणाला, "मी माझ्या बाटलीतलं पितो."

त्याला आम्ही त्याच दिवशी घरी बसवला.