कोरडं राहिलेलं पान

"उरलेलं झाकण्याआधी कुणाचं पान कोरडं राहिलं ते बघत जा गं," असं सखोबा महाराजांनी कुमुदला एकदा बजावलं होतं. कुमुदनं ते हसण्यावारी नेलं. कॉलेज शिकलेली सून, कडेवर रांगती लेक. लेकीच्या शिंकेपलीकडे कुणाकडे बघायला तिला फुरसत कुठली?

महाराजांचा मुक्काम तेव्हा आंबेदऱ्याच्या मठीत होता. पठारावरचं हे बटाट्याचं गाव. एकादशीच्या कीर्तनानंतर कुस्करलेल्या बटाट्याचा फराळ ठरलेला, आणि मुदपाक वत्सलाबाईंच्या हाती. त्यांच्या हाताला चव होती नि जिभेला धार. अशाच एका एकादशीला माणसं इतकी लोटली, की बाईंनी बटाट्यात पाणी घालून घालून पंगती निभावल्या.

शेवटी महाराजांपुढे ताट आलं, तर त्यांनी हात मागे घेतला. "एक पान कोरडं आहे. ते भरेतो आम्हांला घास उतरायचा नाही."

साऱ्यांचा जीव खालीवर झाला. एवढं वय, आणि कालपासून पोटात नुसतं तुळशीचं पाणी! माणसं घरोघर विचारून आली. जो तो म्हणे, आमचं झालं. वत्सलाबाईंनीही मान उडवली, "माझं झालंय."

कुमुदनं पातेल्यात डोकावलं. तळाशी पानात वाढता येऊ नये इतका सरसरीत बटाटा तेवढा उरला होता. "याचे चपटे वडे थापून तव्यावर परतू का, महाराज?"

"अगं बाई! उरलंसुरलं महाराजांच्या दारी?" वत्सलाबाई कडाडल्या. "कॉलेजात पातेली खरवडायचा तास असतो वाटतं!" आणि तरातरा घरी निघून गेल्या.

कुमुदनं मूठभर राजगिऱ्याचं पीठ, जिरं, मिरची घालून वडे थापले. पण उलथनं लावताच पहिल्याच्या चिंध्या झाल्या. दुसराही तव्याला धरून बसला. तिचे डोळे भरून आले.

"फार हात लावतेस," महाराज म्हणाले. "लेक झोपली, की झोपली का ते बघायला तिला हलवतेस काय?"

"हलवते, महाराज."

सगळे खो खो हसले. "इथं नको हलवू. आच मंद कर, नाम घे. तवा सोडील तेव्हा सोडील."

हात शिवशिवत होते, तरी कुमुद नाम घेत राहिली. कडा तांबूस झाल्या आणि काय नवल! वडा आपणहून सुटला, अखंड, सोनेरी.

"हे पान वत्सलाबाईंना नेऊन दे."

"पण त्या तर..." कुमुद थबकली. वाढणारीनं मागून खायचं, ही गावाची रीत. मागे तिच्यापुरतं उरलं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं!

लेकीला शेजारणीकडे देऊन ती धावत सुटली. वत्सलाबाई चुलीपाशी भिंतीला कलंडलेल्या, अंग घामानं थबथबलेलं. कुमुदनं घोट घोट गूळपाणी पाजलं, मग वड्याचा घास भरवला. पठारावरचा बोचरा वारा कापत आलेलं ते ताट, पण वडे तव्यावरून काढल्यासारखे कढत होते! बाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला, तसा कुमुदचाही जीव भांड्यात पडला.

"काकू, सांगायचं नाही का हो?"

"वाढणारीनं म्हणायचं, मला उरलं नाही? शोभतं का ते?"

कुमुदच्या खांद्याचा आधार घेत त्या मठीत आल्या आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ज्याला नावं ठेवली, त्यानंच उठवलं, महाराज."

महाराजांनी वडा मोडून तोंडात घातला. "झकास! बसा आता, कुमुद वाढील." मग वळून म्हणाले, "आणि तू गं? तुझं पान कुठं आहे?"

भाविकहो, आज घरी गेलात की वाढून दमलेल्या माउलीची विचारपूस करा. "माझं झालं," म्हणाली, तर तेवढ्यावर उठू नका. पातेलं उघडून बघा.