एक्केचाळीस अर्थ

"आणि डोकं फिरलेल्या माणसालाही हाच शब्द?" मुलाणी गुरुजींनी विचारलं.

"हाच, गुरुजी. टच्ड म्हणतात त्याला."

"कमाल आहे. पुढं वाच."

मुकुंदराव बेलसऱ्यांनी पान उलटलं. स्वारी खुशीत असायला हवी होती, पण नव्हती.

अठ्ठावीस वर्षं खपून ते इंग्रजी-मराठी कोश रचत होते. त्यात 'टच' या एवढ्याशा शब्दाला त्यांनी एक्केचाळीस अर्थ दिले होते. आधीच्या कुठल्याही कोशात बावीसच्या वर गेले नव्हते, हे ते भेटेल त्याला सांगत. सोमवारी ही पानं छापखान्यात जायची होती. त्याआधी ज्यांनी इंग्रजीचा पहिला शब्द शिकवला, त्या गुरुजींच्या तोंडून एक "शाब्बास, मुकुंदा" ऐकावं, एवढ्यासाठी ते सकाळच्या एसटीनं पळसवडीला आले होते. माणूस साठी ओलांडतो, नावामागे डॉक्टर लावतो, पण शाब्बासकीची हाव काही सुटत नाही!

आल्या आल्याच पाणी पडलं सगळ्यावर. गुरुजींची नजर पार गेली होती. त्यांची सून हसीना दारातच म्हणाली, "अब्बांना आता मानसं उमगत नाहीत, भाऊ. वाईट वाटून घेऊ नका."

तरी मुकुंदरावांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, मी मुकुंद. बेलसऱ्यांचा. सातवीला केंद्रात पहिला आलो होतो, तो."

"असशील, बाबा," गुरुजी म्हणाले. "पुष्कळ मुकुंद होऊन गेले."



बाजेवर बसल्या बसल्या गुरुजींनी हात पुढे केला होता, तळवा वर करून. मुकुंदरावांनी लगबगीनं पिशवी उघडली आणि त्या हातावर पानं ठेवली. गुरुजींनी कागद चाचपला, नाकाशी नेला, आणि परत दिला.

"चांगला आहे कागद. वाचून दाखव."

तेव्हापासून वाचन चाललं होतं. मुकुंदराव खुर्चीवर, चार हात लांब. गुरुजी उन्हाला पाठ देऊन.

"अर्थ तेविसावा. अंगात बारीक ताप असणे."

"कणकण."

"हो, कणकण." मुकुंदरावांनी समासात तो शब्द लिहून घेतला. इतकी वर्षं त्यांना तो सुचला नव्हता. "चोविसावा. भाजीत मीठ-मसाल्याची जराशी चव. पंचविसावा. वाद्यावरचा वादकाचा हात. सव्विसावा. गलबत बंदराला लागणे..."

"समुद्र बघितलास का रे कधी?"

"बघितला, गुरुजी."

"बरं झालं. मी नुसताच शिकवला."

मुकुंदरावांना हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. समुद्राचा धडा शिकवताना गुरुजी परातीत पाणी घेऊन वर्गात आले होते. ती परात, तिच्यात सोडलेली कागदाची होडी, आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या भिजलेल्या चड्ड्या...

"थांबलास का?"

"नाही, नाही. सत्ताविसावा..."

हसीनानं चहा आणून ठेवला. गुरुजींचा हात पुन्हा पुढे आला. मुकुंदरावांनी चटकन त्यात पेला दिला. गुरुजींनी एक घोट घेतला आणि पेला बाजेखाली ठेवून दिला. हात तसाच मांडीवर राहिला, उघडा.

"अर्थ छत्तिसावा," मुकुंदराव वाचू लागले. "संबंध ठेवणे. पत्राने, निरोपाने, जाऊन येऊन... खुशाली..."

आवाज घसरला त्यांचा. इथं ते एकतीस वर्षांनी आले होते. कोश सुरू झाला तेव्हा म्हणाले, ए अक्षर संपलं की जाऊ. मग म्हणाले, एम संपलं की जाऊ. असं करता करता टी उजाडलं, आणि गुरुजींची नजर गेली.

"खुशाली काय?" गुरुजींनी विचारलं.

"कळवत राहणे."

"हं..."

अंगणात हसीना मिरच्या पसरत होती.

"सगळे झाले?" शेवटी गुरुजी म्हणाले.

"पाच राहिलेत. वाचतो." मुकुंदरावांनी ते पाच कसेबसे वाचून टाकले. "एकूण एक्केचाळीस, गुरुजी. कसं वाटलं?"

"भारी काम आहे." गुरुजींनी मान डोलावली. "आणि भिंत?"

"कसली भिंत?"

"काही नाही. म्हातारपणी काहीबाही आठवतं."

मुकुंदराव पानं गोळा करायला लागले आणि करता करता थबकले. भिंत!

पाचवीचा वर्ग. इंग्रजीचा पहिला तास. गुरुजींनी फळ्यावर काही म्हणजे काही लिहिलं नव्हतं. दारात उभं राहून ते ओरडले होते, "टच द वॉल!" कुणाला काय कळणार, कप्पाळ? मग गुरुजी स्वतःच धावत गेले आणि त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. त्यांच्यामागे तीस पोरं. नव्यानं चुना दिलेली गार भिंत, आणि पोरांचे पांढरे झालेले हात. टच द डोअर! टच युवर नोज! त्या दिवशी शाळा सुटल्यावर अख्खा गाव पोरांनी हात लावून पांढरा केला होता.

त्याही आधी, पहिलीत... मुकुंदरावांनी चष्मा काढला.

मुकुंदा डावखुरा. डाव्या हातानं सरस्वती येत नाही म्हणून आई त्याचा डावा हात सदऱ्याच्या आत नाडीनं बांधून शाळेत पाठवायची. गुरुजींनी पहिल्याच दिवशी नाडी सोडली. वडील भांडायला आले, तर त्यांना म्हणाले, "हात पोराचा आहे, दादासाहेब, अन् पाटी शाळेची. तुम्ही मधी कशाला?" मग ते मुकुंदाच्या डाव्या अंगाला येऊन बसले. बाकी सगळ्या पोरांच्या ते उजवीकडे बसत. पेन्सिल धरलेली त्याची मूठ त्यांनी आपल्या मुठीत घेतली आणि ग गिरवला. त्या हाताला खडूचा आणि लिंबाच्या पाल्याचा वास यायचा. काय सुख होतं त्या मुठीत! तसं नंतर कुठल्या पदवीत मिळालं नाही आणि कुठल्या सत्कारात मिळालं नाही.

आणि त्याच हातावर आपण आज काय ठेवलं? एकदा कागद ठेवला, एकदा पेला.

मुकुंदरावांनी पानं खुर्चीवर टाकली. वाऱ्यानं चार उडाली, ती उडू दिली. गुडघे कुरकुरत होते, तरी ते बाजेजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. पेन्सिल धरतात तशी त्यांनी डाव्या हाताची बोटं जुळवली आणि मूठ गुरुजींच्या उघड्या तळव्यात ठेवली.

गुरुजींची बोटं मिटली.

ती आधी नुसतीच स्वस्थ राहिली. मग अंगठा हळूहळू फिरू लागला, करंगळीच्या वाकड्या पेरावरून मधल्या बोटावर आला, आणि लेखणीनं पडलेल्या घट्ट्यापाशी थांबला. इतक्या वर्षांनी तो घट्टा चांगला वाटाण्याएवढा झाला होता.

गुरुजी बाजेवर सरकले. मुकुंदाच्या डाव्या अंगाला येऊन बसले.

ती मूठ आपल्या मुठीत धरून त्यांनी हवेतच एक गोलाई काढली, मग शेजारी एक उभा दांडा, सरळ खाली. मुकुंदरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण डावखुऱ्याचा पुसायचा हात गुरुजींच्या मुठीत होता आणि तो सोडवायचा नव्हता.

गुरुजींचा चेहरा उजळला.

"अरे मुकुंदा! तू होय? कधी आलास?"

आणि मूठ न सोडताच त्यांनी खुर्चीकडे तोंड वळवलं.

"मग मघापासून वाचत होतं कोण?"