ओटीतली बाटली

एकदा एका वृद्ध वैद्यांना त्यांच्या ओसरीवर एका बाईंनी विचारले, की बाजारात आलेला तो महागडा शाम्पू खरोखर घेण्याजोगा आहे का.

प्रश्न थोडा अवघड होता, कारण वैद्यांची ख्याती शिकेकाईसाठीच होती. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी हे सारे ते उन्हात वाळवत, खलबत्त्यात कुटत, वस्त्रगाळ करून त्याच्या पुड्या बांधत. गावातल्या कितीतरी बायकांचे आठवड्याचे न्हाणे त्याच पुडीने होई. तेव्हा बाटलीची निंदा करून ते मोकळे झाले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. पण त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला.

“तेल लावलेल्या केसांना पहिल्या हाताला फेस येत नाही, दुसऱ्या हाताला येतो,” ते म्हणाले. “मग कशानेही धुवा. मळ निघून गेला, की फेस येतो आणि आपल्याला वाटतं, फेसानेच मळ काढला. बाटलीत सुगंध आहे, धुतल्यावर केस मऊही लागतात. नाही म्हणत नाही. पण केस स्वच्छ करायचे, तर माझी पुडी पुरते आणि वाण्याकडची साध्या शाम्पूची पिशवीही पुरते. वरचे पैसे बाटलीचे आणि तिच्यावरच्या चित्राचे.”

समोरच्या दुकानाचा व्यापारी हे ऐकत होता. त्या बाटल्या त्याच्याच काचेच्या कपाटात होत्या. तो तिथूनच म्हणाला, “बुवा, तुमच्या पुडीने न्हाल्यावर बाईला आधी डोळे धुवावे लागतात, तेही सांगा की.”

“तेही खरं आहे,” वैद्य हसून म्हणाले आणि बाईही हसत पुडी घेऊन गेल्या.

वैद्यांचा एक शिष्य होता. तिशीचा, संसारी माणूस. सहा वर्षे तो त्यांच्या हाताखाली कुटणे, चाळणे, नाडी पाहणे शिकत होता. त्याने हे उत्तर शब्दशः लक्षात ठेवले. पुढे पंधरा दिवसांत त्याला ते वापरण्याची संधीही मिळाली, आणि ती हकिकत त्याने नागरमोथा कुटता कुटता समाधानाने गुरूंना सांगितली. बाजारातून येताना त्याची बायको व्यापाऱ्याच्या कपाटापाशी थांबली होती. मोगऱ्याच्या वासाची, लांब मानेची एक बाटली तिने हातात घेतली आणि घेऊ का, म्हणून विचारले. तेवढ्या पैशांत महिन्याचे दूध आले असते. पण त्याने पैशांची गोष्ट काढली नाही. पहिला हात, दुसरा हात, फेस आणि मळ, सारे त्याने तिथेच उभे राहून नीट समजावले.

“मग ती काय म्हणाली?” वैद्यांनी विचारले.

“‘बरं’ म्हणाली.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. पटलं तिला.”

वैद्यांच्या हातातला बत्ता थांबला. त्यांनी एवढेच सांगितले, की येत्या नवमीला सवाष्ण म्हणून तुझ्या बायकोला जेवायला पाठव.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. वैद्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाची बायको येऊन स्वयंपाक करी आणि ओटीही तीच भरी. ओटीचे तबक मात्र वैद्य स्वतः लावत: खण, नारळ, गहू, हळकुंडे, फणी. यंदा त्या तबकात फणीच्या शेजारी मोगऱ्याच्या वासाची, लांब मानेची एक बाटली होती.

आदल्या दिवशी ती त्यांनी घासाघीस न करता घेतली होती. व्यापाऱ्याने बांधून देताना विचारलेही होते, “बुवा, हा प्रयोग कोणावर?” वैद्यांनी पैसे मोजून बाटली उचलली होती.

भावजय तबकाकडे पाहून घोटाळली. “भाऊजी, हेही ओटीत घालायचं?”

“घाल.”

शिष्याच्या बायकोने पदर पसरला होता. बाटली पदरात पडली, तेव्हा तिने मान वर केली नाही. फक्त दोन्ही हातांनी पदर जरा घट्ट धरला. दारात उभ्या असलेल्या शिष्याचा चेहरा मात्र उतरला. ज्या वस्तूला त्याने गुरूंच्या शब्दांत नाही म्हटले होते, तीच वस्तू गुरूंनी चारचौघांत त्याच्या बायकोच्या ओटीत घातली होती.

बायको घरी गेल्यावर तो मागे राहिला. मनातली खंत त्याने लपवली नाही.

“तुम्हीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “मी एक शब्द पदरचा घातला नाही.”

“ठाऊक आहे,” वैद्य म्हणाले. “आणि मी सांगितलं ते खोटंही नाही. उद्या कोणी विचारलं, तरी तेच सांगेन. त्या बाईंना शाम्पूची माहिती हवी होती, ती मी दिली. तुझ्या बायकोने मात्र तुझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. तू तिलाही माहितीच दिलीस.”

त्यांनी तबकाभोवती सांडलेले गहू वेचले. मग शांतपणे बोलू लागले.

“आमच्या हिनेही एकदा अशीच बाटली मागितली होती. मीही हेच सारं समजावलं. तेव्हा आत्तापेक्षा चांगलं बोलता यायचं मला. ती ‘बरं’ म्हणाली. मला वाटलं, पटलं. तीन वर्षांनी ती गेली. त्या तीन वर्षांत तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. तिला ती बाटली का हवी होती, कोणाकडे पाहिली होती, कशासाठी जीव अडकला होता तिच्यात, मी विचारलंच नाही. दर नवमीला तिच्या आवडीचं म्हणून पान वाढायला सांगतो, आणि भावजय विचारते, त्यांना काय आवडायचं? मी काहीतरी सांगतो.”

शिष्याने रिकामे तबक उचलून कोनाड्यात ठेवले.

“ती बाटली मी माझ्यासाठी दिली,” वैद्य म्हणाले. “तुझं काम अजून राहिलंय. घरी जा आणि तिला विचार.”

“काय विचारू?”

“का हवी होती, एवढंच. आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस.”

शिष्य घरी गेला. बायको खणाची घडी घालत होती. बाटली फळीवर होती, तिचे झाकणही उघडलेले नव्हते. त्याने विचारले. आता आली ना बाटली, मग जाऊ द्या, असे म्हणून तिने विषय टाळला. एरवी तो उठून गेला असता. पण तो बसून राहिला, काही न बोलता. सहा वर्षांतला कुठलाच पाठ त्याला इतका जड गेला नव्हता.

बऱ्याच वेळाने ती बोलू लागली.

“तुमच्या हातांना शिकेकाईचा वास, कपड्यांना तोच, उशीला तोच. घराचं दार उघडलं की तोच. माझ्या डोक्यालाही तोच. माहेरी गेले की आई म्हणते, आली वैद्यांची पुडी. मला वाटलं, आपल्या केसांना एकदा तरी आपला स्वतःचा असा वास असावा. बाकी काही नाही. केस काय, पुडीनेही स्वच्छच निघतात. ते मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे.”

तो हसला, आणि हसता हसता त्याला स्वतःची लाजही वाटली. मग तोच उठला आणि तिच्या न्हाण्याचे पाणी तापत ठेवले.

दुसऱ्या दिवशी खलबत्त्यापाशी बसून त्याने हे सारे वैद्यांना सांगितले. बायकोच्या आईची थट्टाही सांगितली. वैद्य ऐकत होते. समोर शिकेकाईच्या शेंगांची रास होती. त्यांच्या बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांत तिची तांबूस पूड कितीतरी वर्षांची मुरलेली होती.

त्यांनी उजव्या हाताचा तळवा हळूहळू नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“बरं,” ते म्हणाले.