भिंतीच्या पाठीतली ओल

फार मागची, भिंतींना वाचा होती तेव्हाची गोष्ट. तानूबाईच्या तळघरातली भिंत कायम ओली असायची. तिला टेकून ज्वारीच्या बियाण्याची कणगी होती, आणि त्या बियाण्याला आता बुरशी धरू लागली होती.

भिंतीवर चुन्याचा हात फिरवत तानूबाई म्हणाली, "मेली रडकी भिंत!"

भिंतीचं डोकंच फिरलं. "रडकी मी? अळू पोसायला मोरीच्या तोंडाशी बांध तूच घातलास ना? ते सांडपाणी रात्रंदिवस माझ्या पाठीत मुरतंय, अन् तू माझ्या तोंडाला चुना फासतेस?"

तानूबाई वरमली. परसात जाऊन तिनं कुदळीनं बांध फोडला आणि पाणी उताराला लावलं.

शेजारीण ओरडली, "अगं, अळू सुकेल की!"

"सुकू दे मेलं! बियाणं सडल्यावर रानात काय अळू पेरू?"