पोचा काढलेलं घड्याळ

फार पूर्वीची नाही, पण जुन्या वस्तूंनाही गिऱ्हाईक असतं हे लोकांना नुकतंच कळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं एक गाव होतं. सकाळ झाली की गावभर हातोड्यांचे ठोके ऐकू येत. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि ठोके कमी कमी होत गेले.

त्या गावात एक म्हातारा तांबट आपल्या मुलासोबत राहत होता. सगळे त्याला आबा म्हणत. भट्टीच्या धगीनं त्याचे डोळे गेले होते. बायको वारली होती. त्याच्या मनगटावर लग्नात सासऱ्यानं दिलेलं चावीचं घड्याळ होतं. वेळ त्याला दिसत नव्हती, तरी तो रोज सकाळी चावी द्यायचा, घड्याळ कानाशी धरायचा आणि अंगठा त्यावरून हळूहळू फिरवायचा. मग मुलाला विचारायचा, "भानू, किती वाजले रे?" मुलगा सांगायचा आणि म्हाताऱ्याचा दिवस सुरू व्हायचा.

भानू हाताचा चांगला कारागीर होता, पण तांब्याच्या धंद्यात आता पोट भरत नव्हतं. बाजारात एक गाळा घ्यावा, स्टीलची भांडी ठेवावीत, असं त्याच्या मनात होतं. गाळ्यापुरते पैसे मात्र नव्हते.

एकदा बाजारच्या दिवशी शहरातला एक व्यापारी आला. तो जुनी घड्याळं घेतो असं कळलं. भानूनं तेल घालून आणतो असं सांगून आबांकडून घड्याळ मागितलं. आबांनी लगेच पट्टा सोडून दिला. भानूला थोडं वाईट वाटलं. पण ज्याला दिसत नाही त्याला घड्याळ काय करायचं, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

व्यापाऱ्यानं घड्याळ भिंगातून पाहिलं, पिवळी पडलेली तबकडी पाहिली आणि गाळा सहज येईल एवढी किंमत सांगितली. एवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. पुढच्या बाजाराला रोख घेऊन येतो, तोवर घड्याळ जपून ठेव, असं सांगून तो गेला.

भानू घरी आला तो हवेत तरंगतच. तेलाला दिलंय, आठवडा लागेल, असं त्यानं आबांना सांगून टाकलं. मग घड्याळ हातात घेऊन बसला. काचेवर चरे, कडेला काळपट डाग, मागच्या झाकणाला मार लागून पडलेला एक पोचा. असल्या घड्याळाला एवढी किंमत, तर लखलखीत केल्यावर किती येईल? शिवाय तांबटाच्या घरची रीतच होती, की पोचा काढल्याशिवाय आणि झिलई केल्याशिवाय वस्तू गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही. ही रीत त्याला आबांनीच लहानपणापासून शिकवली होती.

त्यानं झाकण काढून छोट्या ऐरणीवर ठेवलं आणि अगदी हलक्या हातानं ठोकत मठारलं. पोचा असा गेला, की कुठे होता ते त्याला स्वतःलाही सापडेना. मग त्यानं सगळं घासून आरशासारखं केलं. बाजारातल्या घड्याळवाल्याकडून नवी काच, नवा पट्टा आणि पांढरीशुभ्र तबकडी बसवून घेतली. जुनी तबकडी घड्याळवाल्यानं केरात टाकली, आणि भानूनं ती टाकू दिली.

पुढच्या बाजाराला व्यापाऱ्यानं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"कुणी केलं हे?" त्यानं विचारलं.

"मीच केलं," भानू अभिमानानं म्हणाला.

"काम सुरेख आहे रे. पण मी किंमत सांगितली होती ती त्याच्या जुनेपणाची. नवी घड्याळं माझ्याकडे ढीगभर पडलीत." आणि त्यानं एवढी थोडी रक्कम सांगितली, की तिच्यात गाळ्याचं कुलूपसुद्धा आलं नसतं.

भानू घड्याळ घेऊन मान खाली घालून परतला. निदान आबांची वस्तू आबांना परत मिळेल, एवढंच समाधान मानत तो घरात शिरला. त्यानं घड्याळ आबांच्या तळहातावर ठेवलं.

आबांनी अंगठा फिरवला. एकदा पुढून, एकदा मागून. मग घड्याळ कानाशी धरलं आणि खाली ठेवलं.

"हे कुणाचं रे?"

"तुमचंच आहे आबा."

"शेजारच्या काकू मागच्या बाजारच्याच दिवशी सांगून गेल्या, तुमचा मुलगा व्यापाऱ्याला घड्याळ दाखवत होता म्हणून. मी गप्प राहिलो. म्हटलं, पोरगा आपणहून सांगेल." आबांचा आवाज चढला नव्हता. "विकलंस तर विकलंस. मागितलं असतंस तर मीच काढून दिलं असतं. पण हे दुसरं आणून माझ्या हातावर कशाला ठेवतोस?"

भानूनं सगळं सांगितलं. झिलई, काच, पट्टा, तबकडी, पोचा, काही लपवलं नाही. आबा ऐकत राहिले.

"माझ्या घड्याळावरचा पोचा तूच पाडला होतास," ते म्हणाले. "रांगत होतास तेव्हा. माझी हातोडी उचलून घातलीस त्याच्यावर. तुझी आई हसून हसून बेजार झाली होती. तो पोचा मी स्वतः तांबट असून काढला नाही. आणि तू म्हणतोस, तो काढला आणि खूणही राहिली नाही?"

"आईची शपथ, आबा."

"तिला यात ओढू नकोस."

आबांनी चाचपडत मुलाचा हात धरला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. छान आहे, तूच वापर, म्हणाले. रागावून नव्हे, मायेनंच म्हणाले. त्यापेक्षा भानूला त्यांचा राग परवडला असता.

त्यानंतर आबांनी भानूला कधी वेळ विचारली नाही. उन्हाची ऊब ओट्यावर आली की ते काठी टेकत बाहेर येऊन बसत, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी विचारत, "अहो, किती वाजले?"

भानू आत बसलेला असे. त्याच्या मनगटावर घड्याळ चालू असे.

तात्पर्य एवढंच: खोटं बोलून नेलेली वस्तू खरीखुरी परत आणता येते, पण ती खरी आहे हे पटवून देणारी जीभ तोवर आपल्याजवळ राहिलेली नसते.